नाशिक महापालिका निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक महापालिकेची मागची सार्वत्रिक निवडणूक 15 जानेवारी 2026 रोजी झाली, त्याआधीची 21 फेब्रुवारी 2017 रोजी. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर शहरात नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. एवढ्या मोठ्या खंडामुळे पंचविशी ओलांडलेल्या अनेकांनी महापालिकेसाठी पहिल्यांदाच बटण दाबले, आणि जुन्या मतदारांनाही एकाच प्रभागात चार नगरसेवकांसाठी चार मते देण्याची पद्धत नव्याने समजून घ्यावी लागली. पोटनिवडणूक असो की पुढची सार्वत्रिक निवडणूक, हेच प्रश्न पुन्हा येतात. आमचा अनुभव असा, की महापालिकेतले मत हातचे जाते ते बहुतेक वेळा मतदानाच्या दिवशी नव्हे, तर त्याआधी मतदार यादी तयार होण्याच्या दिवसांत. म्हणून यादीबद्दल इथे जरा जास्तच लिहिले आहे.

ही निवडणूक नेमकी कोण घेते?

राज्य निवडणूक आयोग. लोकसभा आणि विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा. 74 व्या घटनादुरुस्तीनंतर शहरी स्थानिक संस्थांच्या निवडणुका राज्य आयोगाकडे आल्या. नाशिकमध्ये आयोगाच्या वतीने महापालिका आयुक्त आणि त्यांच्या हाताखालचे निवडणूक निर्णय अधिकारी काम पाहतात.

हा फरक पाठ असलेला बरा. मतदार म्हणून नाव नोंदवायचे ते भारत निवडणूक आयोगाकडे. ते नाव कोणत्या प्रभागात पडले याची तक्रार करायची ती महापालिकेकडे. प्रभाग चुकला म्हणून भारत निवडणूक आयोगाच्या 1950 या मदत क्रमांकावर फोन करणारे आणि नवीन नाव घालायला महापालिकेच्या विभागीय कार्यालयात रांग लावणारे, दोघांचाही दिवस फुकट जातो.

आम्ही महापालिकेच्या हद्दीत येतो का?

पत्त्यात 'नाशिक' आहे म्हणून येतोच असे नाही. देवळाली कॅम्प हा छावणी परिषदेचा भाग आहे, तिथल्या मतदाराला महापालिकेत मत नाही. देवळाली गाव आणि विहितगाव मात्र महापालिकेत आहेत. भगूरला स्वतःची नगरपरिषद आहे. शिंदे, पळसे, गोवर्धन ही गावे शहराला लागून असली तरी तिथे ग्रामपंचायत आहे. सोपी खूण म्हणजे घरपट्टीची पावती. ती नाशिक महानगरपालिकेची असेल तर तुम्ही हद्दीत आहात.

एकूण नगरसेवक किती आणि प्रभाग किती?

122 नगरसेवक, 31 प्रभाग. त्यातले 29 प्रभाग चार सदस्यांचे आणि 2 प्रभाग तीन सदस्यांचे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 14,86,053 होती, म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण 12,200 आणि चार सदस्यांच्या प्रभागामागे सुमारे 48,700 माणसे. प्रभाग आखताना या सरासरीपेक्षा 10 टक्के कमी-जास्त चालते. जनगणना जुनी असल्यामुळे पाथर्डी फाट्यासारख्या झपाट्याने वाढलेल्या भागात आजची खरी वस्ती या आकड्याच्या कितीतरी पुढे गेली आहे, आणि प्रभागांचा आकार असमान वाटतो त्याचे मुख्य कारण हेच.

सदस्यसंख्येची पद्धत राज्य सरकार कायद्याने बदलते. 2007 मध्ये एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, 2012 मध्ये प्रभागाला दोन, 2017 पासून चार. त्यामुळे 'मागच्या वेळी असे होते' यावर विसंबू नका. दर वेळी नवीन अधिसूचना वाचा.

अ, ब, क, ड या जागा म्हणजे काय? त्यांचे आरक्षण कसे ठरते?

एका प्रभागातल्या चार जागांना अ, ब, क, ड अशी नावे असतात (तीन सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क). प्रत्येक जागेची निवडणूक पूर्णपणे स्वतंत्र. 'अ' चा उमेदवार 'ब' च्या उमेदवाराविरुद्ध लढत नाही आणि एका जागेची मते दुसऱ्या जागेत मिळवली जात नाहीत.

अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. त्यानंतर नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या (ओबीसी) जागा, आणि सगळ्या प्रवर्गांत मिळून निम्म्या जागा महिलांसाठी. 122 पैकी 61 जागा महिलांच्या, त्या सोडतीने निश्चित होतात. आरक्षित जागा साधारणपणे आधीच्या अक्षरांवर येतात, म्हणून 'ड' ही जागा बहुधा सर्वसाधारण असते.

एक गैरसमज अजून टिकून आहे: सर्वसाधारण जागा पुरुषांची किंवा खुल्या प्रवर्गाची असते. तसे नाही. ती सर्वांसाठी खुली असते. महिला, मागास प्रवर्गातला उमेदवार, कोणीही तिथे उभे राहू शकते.

निवडणूक इतकी वर्षे का लांबली होती?

मुख्य कारण मागास प्रवर्गाच्या आरक्षणाचा वाद. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2021 च्या निकालात तिहेरी चाचणीची अट घातली: समर्पित आयोग, त्याने गोळा केलेली माहिती, आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत. त्यानंतर जयंत बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, प्रभागरचना बदलल्या, याचिका वाढत गेल्या. अखेर 6 मे 2025 च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने बांठिया अहवालापूर्वीच्या आरक्षणानुसार निवडणुका घेण्यास सांगितले.

महापालिकेची मतदार यादी वेगळी असते का?

वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडली जाते. नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम आणि देवळाली या चार मतदारसंघांतली नावे महापालिकेच्या 31 प्रभागांत वाटली जातात. त्यासाठी आयोग एक तारीख ठरवतो, आणि त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जे नाव आहे तेच पुढे येते. 2026 च्या निवडणुकीसाठी ही तारीख 1 जुलै 2025 होती. ऑगस्ट 2025 मध्ये अठरा वर्षांचे झालेल्या तरुणाने सप्टेंबरमध्ये कितीही धावपळ केली असती, तरी त्याला जानेवारीत मत देता आले नसते.

म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. नोंदणीसाठी वर्षात चार अर्हता दिनांक असतात, म्हणजे त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण हवीत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. घरात कोणी अठराचे होणार असेल तर जो दिनांक जवळ आहे त्याच्या आधीच नमुना 6 भरून टाका.

कोणत्या कामाला कोणता नमुना?

नवीन नाव घालायला नमुना 6. मृत किंवा कायमच्या स्थलांतरित व्यक्तीचे नाव काढायला नमुना 7. नाव, वय, फोटो दुरुस्ती, पत्ताबदल आणि हरवलेल्या ओळखपत्रासाठी नमुना 8. सातपूरहून इंदिरानगरला राहायला गेलेल्याने पुन्हा नमुना 6 भरला की त्याचे नाव दोन ठिकाणी येते आणि पुढे 'दुबार मतदार' म्हणून त्रास होतो. जुने नाव असेल तर नेहमी नमुना 8.

पत्त्याच्या पुराव्याला वीजबिल, पाणीपट्टी, बँकेचे पासबुक, आधार किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. भाडेकरूंनी संकोच करू नये. मत घरमालकीवर नाही, राहत्या जागेवर मिळते. पण नोटरी केलेला करार आणि नोंदणीकृत करार यांत फरक आहे. नोटरीच्या करारावर अर्ज अडकण्याची शक्यता जास्त, तेव्हा सोबत दुसरा पुरावा जोडा.

विधानसभेला मत दिले होते, पण प्रभागाच्या यादीत नाव नाही किंवा शेजारच्या प्रभागात आहे. काय करायचे?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच.

असे का होते ते आधी पाहू. विधानसभेच्या यादीचा एक भाग म्हणजे साधारण एका मतदान केंद्राचा परिसर. प्रभागाची हद्द मात्र रस्ता, नाला, नदी किंवा जनगणनेच्या गटावरून जाते. दोन्ही रेषा जुळत नाहीत, मग यादीचा एकच भाग दोन-तीन प्रभागांत फोडावा लागतो. फोडणारा कर्मचारी प्रत्येक नावापुढचा पत्ता वाचून प्रभाग ठरवतो. पत्त्यात नुसते 'जेलरोड' किंवा 'अंबड' लिहिले असेल, घर क्रमांकाच्या जागी रेघ असेल, किंवा सोसायटीऐवजी जुना सर्व्हे नंबर असेल, तर तो अंदाजाने टाकला जातो. मग एकाच इमारतीतले पहिल्या मजल्यावरचे एका प्रभागात आणि तिसऱ्या मजल्यावरचे दुसऱ्यात जातात.

उपाय प्रारूप (कच्च्या) यादीच्या काळातच आहे. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत:

1. आयोगाच्या 'महासेकव्होटरलिस्ट डॉट इन' या संकेतस्थळावर किंवा 'मताधिकार' ॲपवर नाव शोधा. नावाने सापडले नाही तर ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये गोंधळ असतो, क्रमांकात नसतो.
2. विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्या. हे तीन आकडे नसतील तर अर्जावर चौकशी पुढे सरकत नाही.
3. त्याच इमारतीतल्या किंवा लागून असलेल्या घरातल्या दोन-तीन मतदारांची नावे बरोबर प्रभागात असतील, तर त्यांचे अनुक्रमांकही अर्जात द्या. जागेवर न जाताही चूक पटवून देणारा हा सर्वांत भक्कम पुरावा.
4. घरपट्टी किंवा वीजबिलाची प्रत जोडून अर्ज आपल्या विभागीय कार्यालयात द्या: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक किंवा सातपूर. पोच घ्या, पोचेवर शिक्का आणि तारीख पाहा.
5. अंतिम यादी आल्यावर पुन्हा तपासा. अर्ज दिला म्हणजे दुरुस्ती झाली असे धरून चालू नका.

या हरकतींत तीनच गोष्टी दुरुस्त होतात: चुकलेला प्रभाग, विधानसभेच्या यादीत असून प्रभागाच्या यादीत सुटलेले नाव, आणि लेखनिकाच्या चुका. विधानसभेच्या यादीतच नसलेले नाव इथे घालता येत नाही. अंतिम यादीनंतर प्रभाग बदलून मिळत नाही. ज्या प्रभागात नाव आहे तिथेच मतदान करावे लागते.

माझ्या नावापुढे दोन तारे आहेत. माझे नाव रद्द झाले का?

नाही. दोन तारे म्हणजे तुमच्या नावाशी जुळणारे नाव आणखी कुठे तरी आढळले आहे. खरेच एकच व्यक्ती असेल तर कोणत्या केंद्रावर मतदान करणार ते लिहून द्यावे लागते, आणि दुसऱ्या केंद्रावर तशी नोंद होते. नावसाधर्म्य असेल तर तसे सांगा. 'आहेर', 'जाधव', 'पवार' या आडनावांची एकाच नावाची चार माणसे एका प्रभागात सहज निघतात. आधी कोणी संपर्क साधला नसेल, तर मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्ष तुमची ओळख काटेकोर तपासतात आणि इतरत्र मतदान केले नसल्याचे हमीपत्र घेतात. त्यात पाच-दहा मिनिटे जातात, इतकेच. तारे पाहून घरी परतू नका.

मतदानाच्या दिवशी काय सोबत न्यायचे?

मतदार ओळखपत्र. ते नसेल तर आधार, पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, पॅन कार्ड, फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, दिव्यांग प्रमाणपत्र यांपैकी एक, आणि तेही मूळ. झेरॉक्स चालत नाही. पक्षाच्या बूथवरून मिळणारी चिठ्ठी फक्त खोली आणि अनुक्रमांक सापडायला उपयोगी. ती ओळखीचा पुरावा नाही.

वेळ सकाळी 7.30 ते सायंकाळी 5.30. विधानसभेला सहापर्यंत मतदान असते, त्या सवयीने पावणेसहाला येणाऱ्यांना दरवाजा बंद दिसतो. 5.30 वाजता जे आवारात रांगेत उभे आहेत त्या सगळ्यांना मतदान करू दिले जाते. विधानसभेचे केंद्र आणि महापालिकेचे केंद्र एकच असेल असे गृहीत धरू नका. आदल्या दिवशी शाळेचे नाव आणि खोली क्रमांक पाहून ठेवा.

चार मते कशी द्यायची?

मतदान कक्षात मतदान यंत्रांवर जागेनुसार रंगीत मतपत्रिका लावलेल्या असतात: 'अ' पांढरी, 'ब' फिकी गुलाबी, 'क' फिकी पिवळी, 'ड' फिकी निळी. उमेदवार किती आहेत त्यावर यंत्रे किती ते ठरते. उमेदवार कमी असतील तर दोन जागा एकाच यंत्रावर येतात. जास्त असतील तर दोन, तीन किंवा चार यंत्रे शेजारी मांडलेली असतात.

प्रत्येक रंगात एकच बटण दाबायचे. बटणाशेजारचा दिवा लागला की त्या जागेचे मत नोंदले गेले. त्याच जागेचे दुसरे बटण दाबून ते बदलता येत नाही. चौथे मत दिल्यावर लांब बीप ऐकू येतो. तो वाजला नाही तर तुमचे मतदान अपुरे आहे, आणि यंत्र पुढच्या मतदारासाठी मोकळे होत नाही.

गडबड बहुतेक वेळा एकाच प्रकारची होते. मतदार ओळखीच्या चिन्हाचे पहिले बटण दाबतो, दिवा पाहतो आणि वळतो. मतदान अधिकारी परत बोलावतात, मागे रांग असते, माणूस गांगरतो आणि हाताला येतील ती बटणे दाबतो. उरलेली तीन मते अशी गेली की वाईट वाटते, कारण चारही नगरसेवक पाच वर्षे त्याच मतदाराचे असणार आहेत. घरातल्या ज्येष्ठांना आदल्या दिवशी कागदावर चार रंगांचे रकाने काढून दाखवा. चार नावे ठरवून जा, कारण एकच चिन्ह प्रत्येक रकान्यात एकाच क्रमांकावर असेल असे नाही.

चारही मते एकाच पक्षाला द्यावी लागतात का?

अजिबात नाही. प्रचारात 'पूर्ण पॅनल चालवा', म्हणजे आमच्या चारही उमेदवारांना मत द्या, असे सांगितले जाते. ती पक्षाची विनंती आहे, नियम नव्हे. चार जागांसाठी चार वेगवेगळ्या पक्षांचे किंवा अपक्ष उमेदवार निवडले तरी मत पूर्ण वैध. आमचे मत विचाराल तर प्रत्येक जागेचा उमेदवार स्वतंत्रपणे तपासावा. चांगल्या चेहऱ्याच्या आधाराने अनोळखी उमेदवार निवडून यावेत, हा चार सदस्यांच्या पद्धतीतला मोठा दोष आहे आणि त्यावर मतदारच उपाय करू शकतो.

एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर?

त्या जागेच्या मतपत्रिकेत शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' (नोटा) हे बटण असते, ते दाबा. प्रत्येक जागेसाठी नोटा वेगळा आहे. राज्य आयोगाच्या 6 नोव्हेंबर 2018 च्या आदेशानुसार एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक घ्यायची. पुन्हा तेच झाले तर उमेदवारांमध्ये सर्वाधिक मते मिळवणारा विजयी. विधानसभेत नोटाला असे वजन नाही.

मत दिल्यावर चिठ्ठी का दिसत नाही?

महापालिका निवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कोणाला गेले याची चिठ्ठी दाखवणारे यंत्र, वापरले जात नाही. खात्री करायची ती दिव्यावरून आणि शेवटच्या बीपवरून.

माझ्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर?

भांडून बाहेर पडू नका. केंद्राध्यक्षांकडे ओळखपत्र दाखवून प्रदत्त मत मागा. ते कागदी मतपत्रिकेवर घेतले जाते आणि वेगळ्या लिफाफ्यात ठेवले जाते. नेहमीच्या मोजणीत ते धरले जात नाही, पण निकाल न्यायालयात गेला तर तो महत्त्वाचा पुरावा ठरतो. सोबत लेखी तक्रारही द्या.

आजोबांना घरून मतदान करता येईल का?

विधानसभेला ज्येष्ठांसाठी ती सोय होती, महापालिकेला केंद्रावरच जावे लागते. ज्येष्ठ, दिव्यांग, गर्भवती आणि तान्हे मूल सोबत असलेल्या महिलांना रांगेत प्राधान्य असते. दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगा, सकाळी नऊच्या आत न्या.

उमेदवारी करायची असेल तर पात्रता काय?

वय 21 पूर्ण हवे. नाव महापालिकेच्या कोणत्याही प्रभागाच्या यादीत असले तरी चालते; ज्या प्रभागातून लढायचे तिथलेच असावे अशी अट नाही. सूचक आणि अनुमोदक मात्र त्याच प्रभागाचे मतदार लागतात. अनामत 5,000 रुपये. महिला आणि मागास प्रवर्गासाठी 2,500.

अपात्रतेची कारणे आधी वाचून घ्या, अर्ज भरताना नव्हे. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर उमेदवारी नाही. महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारीतून हितसंबंध असेल तर नाही. थकबाकीची नोटीस मिळूनही रक्कम भरली नसेल तर नाही. स्वतःचे किंवा जोडीदाराचे अनधिकृत बांधकाम सिद्ध झाले तरीही पद जाऊ शकते. ही शेवटची बाब उमेदवार हसण्यावारी नेतात, आणि निवडून आल्यावर विरोधक नेमकी तीच उकरून काढतात.

अर्ज छाननीत का बाद होतो?

कारणे बहुतेक साधी असतात. शपथपत्रातला रकाना कोरा सोडलेला. लागू नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा, रेघ मारू नका. सूचकाचा अनुक्रमांक जुन्या यादीतला. आरक्षित जागेसाठी जात प्रमाणपत्र आहे, पण जात पडताळणीचे (वैधता) प्रमाणपत्रही नाही आणि पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावतीही नाही. शौचालय वापराचा दाखला नाही. घरपट्टी-पाणीपट्टीचा ना-देय दाखला वेळेत मिळाला नाही, कारण शेवटच्या दोन दिवसांत सगळे एकदमच मागायला येतात.

नुसत्या या पावतीवर निवडून आलेल्याला ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र द्यावेच लागते, नाहीतर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते. अर्ज आणि शपथपत्र आठवडाभर आधी भरून एखाद्या जाणत्या वकिलाकडून तपासून घ्या, आणि अखेरच्या दिवसाच्या आधी दाखल करा. चूक निघाली तर दुरुस्त करून दुसरा अर्ज देता येतो. अखेरच्या दिवशी मुदत संपायला दहा मिनिटे असताना ती वाट उरत नाही.

एबी फॉर्म म्हणजे काय?

पक्षाची अधिकृत उमेदवारी सिद्ध करणारी दोन जोडपत्रे. पहिल्यात पक्ष सांगतो की उमेदवार ठरवण्याचा अधिकार कोणाला. दुसऱ्यात ती व्यक्ती सांगते की अमुक जागेचा उमेदवार कोण. दोन्ही मूळ सहीची, आणि अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी 3 च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडली पाहिजेत. झेरॉक्स किंवा मोबाइलवर आलेला फोटो ग्राह्य नाही. ते वेळेत पोचले नाही तर तुम्हाला पक्षाचे चिन्ह मिळत नाही. अपक्ष म्हणून लढायची तयारी असेल तर अर्जात मुक्त चिन्हांची पसंती लिहून ठेवा. फॉर्मवर प्रभाग क्रमांकासोबत जागेचे अक्षरही तपासा. 'ब' ऐवजी 'क' पडले तर तुम्ही त्या जागेचे अधिकृत उमेदवार राहत नाही.

खर्चाची मर्यादा किती?

2026 च्या निवडणुकीत नाशिकसाठी प्रत्येक उमेदवाराला 13 लाख रुपये होती. पॅनलने एकत्र सभा किंवा रॅली काढली तर खर्च उमेदवारांमध्ये वाटून दाखवायचा. निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडा आणि सगळे व्यवहार त्यातूनच करा. निकालानंतर 30 दिवसांत अंतिम हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यांनाही. हरलो म्हणून हिशेब न देणारे अपात्र ठरतात आणि पुढच्या निवडणुकीत त्यांचा अर्ज अडतो.

निकालानंतर महापौर कसा ठरतो?

थेट जनतेतून नाही. नगरसेवक महापौर निवडतात, मुदत अडीच वर्षे. पदाचे आरक्षण मुंबईत सोडतीने निघते. निवडून आलेले पक्ष आणि आघाड्या आपापला गट नाशिकरोडच्या विभागीय आयुक्त कार्यालयात नोंदवतात. या नोंदणीला महत्त्व आहे: पुढे कोणी पक्षादेश मोडला तर 1986 च्या अनर्हता कायद्याखालची कारवाई याच नोंदीवर उभी राहते. पैशांच्या दृष्टीने वजन मात्र 16 सदस्यांच्या स्थायी समितीचे. मोठ्या निविदा आणि खर्चाचे प्रस्ताव तिथेच मंजूर होतात, म्हणून तिच्या बैठकांचे इतिवृत्त वाचायची सवय नागरिकांनी लावून घ्यावी.

चार नगरसेवक आहेत, तक्रार कोणाकडे न्यायची?

चौघांपैकी कोणाकडेही. कायद्याने चौघेही संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी आहेत. नगरसेवक आपसात गल्ल्या वाटून घेतात आणि 'तो भाग माझ्याकडे नाही' असे सांगतात. त्याला कोणताही आधार नाही. तक्रार लेखी करा, एकाच पत्रावर चौघांची नावे घाला, प्रत विभागीय अधिकाऱ्याला द्या आणि पोच ठेवा. चौघांना एकच पत्र गेले की एकमेकांवर ढकलणे अवघड होते.

काम महापालिकेचे आहे का हेही आधी पाहा. गंगापूर, दारणा आणि मुकणेतून येणारे पाणी, गल्लीतले रस्ते, ड्रेनेज, पथदिवे, घंटागाडी, उद्याने ही महापालिकेची कामे. सिटीलिंक बस महापालिकेच्याच कंपनीची. वीज गेली तर महावितरण. मुंबई-आग्रा महामार्गावरचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. नगरसेवक तिथे पाठपुरावा करू शकतो, आदेश देऊ शकत नाही.

निकालाला आव्हान देता येते का?

फेरमोजणीची मागणी निकाल जाहीर होण्यापूर्वी, मोजणीच्या ठिकाणीच, लेखी करावी लागते. त्यानंतर महापालिका अधिनियमाच्या कलम 16 खाली न्यायालयात निवडणूक याचिका, आणि तिची मुदत फक्त 10 दिवस आहे. समान मते पडली तर चिठ्ठी काढून निर्णय होतो.

सिन्नर, येवला, मनमाडचे नियम हेच का?

नाही. तिथे नगरपरिषदा आहेत आणि त्यांना 1965 चा वेगळा कायदा लागू आहे. नाशिक जिल्ह्यात मनमाड, सिन्नर, येवला, सटाणा, नांदगाव, भगूर, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, चांदवड, ओझर आणि पिंपळगाव बसवंत इथे 2025 च्या डिसेंबरमध्ये निवडणुका झाल्या. मोठा फरक असा, की नगराध्यक्ष थेट मतदारांतून निवडला जातो. प्रभाग बहुधा दोन सदस्यांचे, म्हणून मतदार तीन मते देतो: दोन नगरसेवकांसाठी आणि एक नगराध्यक्षासाठी. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असे अशा गावांत होऊ शकते. यादीचे नियम मात्र तेच: विधानसभेच्या यादीवरून प्रभागाची यादी, आणि हरकतीसाठी मोजके दिवस. तिथल्या हरकती नगरपरिषदेच्या मुख्याधिकारी कार्यालयात घेतल्या जातात.